जाणूनही न बोलणाऱ्याचे हजार पाश



आजचं वाचन: महाभारत, सभापर्व. द्यूत संपल्यानंतरची सभा.

हा प्रसंग आपण लहानपणापासून टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलाय की वाचतानाही मन थेट द्रौपदीच्या वस्त्राकडे धाव घेतं. मधली पानं आपण भराभर उलटतो. त्या पानांमध्ये विदुर सभेत उभे राहतात आणि एक जुनी गोष्ट सांगतात. आजचं चिंतन त्या गोष्टीवर आहे.

ती वाचताना माझ्या मनात सारखं रशियाने युक्रेनवर केलेलं आक्रमण येत होतं. आमच्या रविवारच्या वाचन मंडळात या विषयावर अनेकदा वाद झाला आहे. काही जण म्हणतील, अध्यात्माच्या पानावर राजकारण कशाला? पण व्यासांनी या पर्वाला नावच 'सभा' दिलंय. सभेत बसलेल्या माणसाचा धर्म काय, हा प्रश्न त्यांना पूजाघराबाहेरचा वाटला नाही.

विदुरांची गोष्ट

आधी प्रसंग आठवू. द्रौपदीने सभेला एकच प्रश्न विचारला होता. युधिष्ठिर आधी स्वतःला हरले असतील, तर मग मला पणाला लावण्याचा त्यांना अधिकार उरला होता का? भीष्मांनी उत्तर दिलं नाही. धर्म फार सूक्ष्म आहे, मला निर्णय करता येत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. द्रोण गप्प, कृप गप्प. धाकटा विकर्ण तेवढा उठला. तो तर दुर्योधनाचा सख्खा भाऊ. त्याने सांगितलं की हे चूक आहे. कर्णाने त्याला 'तू अजून पोर आहेस' अशा सुरात गप्प केलं.

मग विदुर बोलले. त्यांनी प्रल्हादाची गोष्ट सांगितली. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरसाचा मुलगा सुधन्वा यांच्यात 'श्रेष्ठ कोण' यावरून पैज लागते. पण लावतात प्राणांचा. निवाडा करायला जातात कुणाकडे, तर खुद्द प्रल्हादाकडे. म्हणजे वादी-प्रतिवादींमधला एक न्यायाधीशाचा मुलगा! प्रल्हाद घाबरतो आणि कश्यप ऋषींना विचारतो की अशा वेळी गप्प बसलं तर काय होतं?

कश्यप दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी की, जो माणूस जाणतो आणि तरीही इच्छेपोटी, रागापोटी किंवा भीतीपोटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, तो स्वतःभोवती वरुणाचे हजार पाश आवळून घेतो. त्यातला एकेक पाश सुटायला एकेक वर्ष लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे चक्क हिशोब आहे. ज्या सभेत निंद्य कृत्याची निंदा होत नाही, तिथे पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाला जातो, पाव वाटा करणाऱ्याला आणि पाव वाटा गप्प बसलेल्या सभासदांना. पण निंदा झाली, तर प्रमुख सुटतो, सभासद सुटतात, आणि पाप जिथलं तिथे, म्हणजे करणाऱ्याकडे परत जातं.

प्रल्हाद मग मुलाच्या विरुद्ध निकाल देतो. खूश झालेला सुधन्वा मुलाचे प्राण त्याला परत देतो, तो भाग वेगळा.

इंजिनीअर माणूस असल्यामुळे मी त्या अपूर्णांकांवर अडकलो. गप्प बसणाऱ्यांना शून्य वाटा नाही, आणि त्यांना पूर्ण दोषही दिलेला नाही. पाव वाटा! करणाऱ्याइतकाच. हा हिशोब आपल्या काळच्या सभेला लावून पाहू.

न्यूयॉर्कमधली सभा

२४ फेब्रुवारी २०२२ ला पहाटे रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आदल्या दिवसाची रात्र होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची तातडीची बैठक चालू होती. परिषदेचं अध्यक्षपद दर महिन्याला बदलतं. त्या फेब्रुवारीत ते कोणाकडे होतं? रशियाकडे. म्हणजे सभेचा प्रमुख तोच आणि कृत्य करणाराही तोच. कश्यपांच्या हिशोबातले अर्धा आणि पाव, दोन्ही वाटे एकाच ताटात.

दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, परिषदेत निषेधाचा ठराव आला. १५ पैकी ११ देश बाजूने, रशिया विरोधात, आणि चीन, भारत व संयुक्त अरब अमिराती तटस्थ. रशियाचा विरोध म्हणजे व्हेटो, त्यामुळे ठराव पडला. मग ४० वर्षांत पहिल्यांदाच सुरक्षा परिषदेने आमसभेचं तातडीचं विशेष अधिवेशन बोलावलं. २ मार्चला तिथे मतदान झालं. १४१ देश निषेधाच्या बाजूने, ५ विरोधात (रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, सीरिया आणि एरिट्रिया), ३५ तटस्थ. त्या ३५ मध्ये आपण होतो. पुढच्या अशा ठरावांवरही आपण बहुतेक वेळा तटस्थच राहिलो.

कृत्याचं स्वरूप समजायला मागचा इतिहास थोडा आठवावा लागेल. १ डिसेंबर १९९१ ला युक्रेनमध्ये सार्वमत झालं आणि ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. रशियन भाषिक जास्त असलेल्या क्रिमियातही बहुमत स्वातंत्र्याच्याच बाजूने होतं. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये एक करारनामा झाला. सोव्हिएत काळातली जी अण्वस्त्रं युक्रेनच्या भूमीवर राहिली होती, ती त्याने सोडून द्यायची, आणि बदल्यात रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर राखायचा. अण्वस्त्रं गेली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रशियाने आणखी चार प्रांत आपले म्हणून जाहीर केले.

एकाने शस्त्र खाली ठेवलं आणि दुसऱ्याने दिलेला शब्द मोडला. महाभारत वाचणाऱ्याला हे ओळखायला वकील लागत नाही.

तरीही आमच्या मंडळात दर वेळी वाद होतो. आणि वाद घालणारी माणसं वाईट नाहीत, वाचलेली आहेत. कश्यपांनी गप्प बसण्याची जी तीन कारणं सांगितली, इच्छा, राग आणि भीती, त्यांतच आमचे बहुतेक मुद्दे येऊन बसतात. ते एकेक करून पाहू.

भीती

आमच्यातले एक काका बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, "अरे, आपल्या लष्कराची निम्मी सामग्री त्यांच्याकडून आलेली. सुटे भाग कोण देणार? तिकडे चीन सीमेवर बसलाय." काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं अजिबात नाही. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान गेले, त्याला तेव्हा दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. शिवाय युद्ध सुरू झालं तेव्हा आपली हजारो मुलं खारकीव्ह, सुमी, कीव्हमध्ये अडकली होती. बहुतेक वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली, त्यात महाराष्ट्रातलीही होती. 'ऑपरेशन गंगा'मधून २२ हजारांहून अधिक लोक परत आले. त्यांना बाहेर काढायला दोन्ही राजधान्यांशी बोलणं चालू राहायला हवं होतं.

ही भीती खरी आहे. राज्य चालवणाऱ्याने ती बाळगलीच पाहिजे. पण भीती कशाचं उत्तर देते ते बघा. 'आपण काय करावं?' याचं उत्तर ती देते. 'जे झालं ते काय आहे?' या प्रश्नाला ती हातही लावत नाही. बलराम युद्धात उतरले नाहीत, तीर्थयात्रेला निघून गेले. त्यांना कोणी अधर्मी म्हटलं नाही. न लढणं हा निर्णय असू शकतो. पण द्रौपदीने भीष्मांना लढायला सांगितलंच नव्हतं. तिने एक प्रश्न विचारला होता.

राग

तरुण मंडळींचा मुद्दा हा असतो. "दादा, इराकच्या वेळी हे सगळे कुठे होते?" हा राग मला कळतो. मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने सुरक्षा परिषदेची मंजुरी नसताना इराकवर हल्ला केला. ज्या महासंहारक शस्त्रांचं कारण सांगितलं होतं ती सापडलीच नाहीत. त्याबद्दल कुठल्या राष्ट्राध्यक्षाला शिक्षा झाली? त्याच लोकांनी आज आपल्याला आंतरराष्ट्रीय नियम शिकवावेत, हे कानाला खटकतं. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात अमेरिकेचं आरमार आलं होतं, हेही आपण विसरलेलो नाही.

पण २००३ मध्ये आपण काय केलं ते आठवा. त्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध एकमताने ठराव केला. हिंदी ठरावातला शब्द होता 'निंदा'. तोच शब्द, जो कश्यपांच्या तोंडी आहे! तेव्हा अमेरिकेशी संबंध सुधारत होते, व्यापार होता, लाखो भारतीय तिथे नोकरीला होते. तरी संसदेने जे चूक होतं त्याला चूक म्हटलं. आणि आकाश कोसळलं नाही. पाच वर्षांनी त्याच अमेरिकेशी आपला अणुकरार झाला.

म्हणजे इराकचं उदाहरण गप्प बसायला सांगत नाही. ते सांगतं की आपण एकदा बोललो होतो, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. पहिल्या चोराला सोडलं म्हणून दुसऱ्याचं घर फुटलं तरी ओरडायचं नाही, असा न्याय कुठल्याच शास्त्रात नाही. ज्याचं घर फुटलं त्या माणसाने तर इराकवर हल्ला केलेलाच नसतो. त्याला कसली शिक्षा?

रागाचं आणखी एक रूप आहे: "नाटोने रशियाला डिवचलं." नाटो पूर्वेकडे वाढत गेली हे खरं आहे, आणि ते शहाणपणाचं होतं का यावर पाश्चात्त्य अभ्यासकांमध्येच मतभेद आहेत. पण आमच्या कामात एक गोष्ट रोज शिकायला मिळते. सर्व्हर बंद पडला की आम्ही कारणांची यादी करतो. जुना कोड, अपुरी चाचणी, घाईची डेडलाइन. पाच-सहा कारणं सहज निघतात. पण कुणी जाणूनबुजून, समोरची सूचना वाचून, 'डिलीट' दाबलं असेल, तर ते त्या यादीतलं सातवं कारण नसतं. तो निर्णय असतो. दुर्योधनाकडेही तक्रार होती. आंधळेपणामुळे माझ्या वडिलांचा हक्क डावलला गेला, ही त्याची सल खोटी नव्हती. व्यास ती लपवत नाहीत. तरी पाच गावंसुद्धा न देण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता.

आक्रमणाच्या तीन दिवस आधी सुरक्षा परिषदेत केनियाचे राजदूत मार्टिन किमानी बोलले होते. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता: आफ्रिकेच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, त्या लंडन, पॅरिस, लिस्बनमध्ये आखल्या गेल्या. सीमेच्या दोन्ही बाजूंना आमचेच भाऊबंद आहेत. त्या भाऊबंदकीच्या नावाने आम्ही सीमा पुसायला निघालो असतो तर आजही लढतच बसलो असतो. त्याच भाषणात त्यांनी नियम मोडणाऱ्या इतर बलाढ्य देशांवरही टीका केली. पश्चिमेवरचा राग मनात ठेवूनसुद्धा सत्य बोलता येतं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

इच्छा

हे कारण आपण चर्चेत सगळ्यात शेवटी काढतो, कारण ते जरा लाजिरवाणं आहे. युद्धापूर्वी आपण रशियाकडून अगदी नगण्य तेल घेत होतो. निर्बंधांमुळे ते स्वस्त झालं आणि २०२३ मध्ये आपल्या एकूण आयातीत रशियन तेलाचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला. गरीब देशाने स्वस्त तेल घेऊ नये का? मला यावर सोपं उत्तर देता येणार नाही. गॅसच्या टाकीचा भाव वाढला की कुणाच्या घरी काय होतं हे मी पाहिलंय. युरोपही युद्ध सुरू झाल्यावर बराच काळ रशियाचा गॅस घेत होता.

पण एक सांगतो. तेल घेणं हा व्यवहार आहे. तेल घेतो म्हणून 'त्यात चूक असं काही नाही' असं पटवून घेणं, हा पाश आहे. भारतीय युद्धाच्या आरंभी युधिष्ठिर नमस्काराला येतो, तेव्हा भीष्म त्याला स्वच्छ सांगतात की मनुष्य अर्थाचा दास असतो, कौरवांनी मला अर्थाने बांधलंय. केवढा मोठा माणूस, आणि केवढी दुःखाची कबुली! निदान तेव्हा तरी ते स्वतःशी खोटं बोलले नाहीत. माझी अपेक्षा तेवढीच आहे. गरज असेल तर तिला गरज म्हणा. तिला धर्माचं वस्त्र नेसवू नका.

आणि कृतज्ञता?

आमच्या मंडळातल्या एक ताई इतिहास शिकवतात. त्यांचा मुद्दा या तीन कारणांत बसत नाही, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. "१९७१ मध्ये आपल्या बाजूने कोण उभं राहिलं? सोव्हिएत संघ. त्यांनी सुरक्षा परिषदेत व्हेटो वापरला म्हणून बांगलादेश झाला. उपकार विसरायचे का?"

नाही, विसरायचे नाहीतच. पण नीट आठवायचे. ७ डिसेंबर १९७१ ला आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावावर मतदान झालं. १०४ देश ठरावाच्या बाजूने, म्हणजे आपल्या विरुद्ध. फक्त ११ मतं ठरावाच्या विरोधात पडली. त्या ११ मध्ये आपण होतो, सोव्हिएत संघ होता, आणि स्वतःच्या वेगळ्या आसनावरून मत देणारा युक्रेनही होता! सोव्हिएत संघाचा भाग असूनही युक्रेनला १९४५ पासून संयुक्त राष्ट्रांत स्वतंत्र आसन होतं. सोव्हिएत सत्ता सांगेल तसंच तेव्हा तिथून मत पडायचं, हे खरं. पण आपण जे कर्ज मानतो ते मॉस्कोच्या एकट्याच्या खात्यावर कसं लिहायचं? भावाभावांमध्ये वाटणी झाली, आणि उपकार मात्र थोरल्याचेच?

इथे प्रामाणिकपणे एक उलटा प्रश्नही घ्यायला हवा. १९७१ मध्ये आपणही सीमा ओलांडली होती, १०४ देशांनी 'मागे फिरा' म्हटलं होतं. मग आपण कुठल्या तोंडाने बोलणार? फरक असा की तेव्हा सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या भूमीवर आलेले होते, युद्धानंतर मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य परत आलं, आणि एक इंचही जमीन आपण भारताला जोडली नाही. युक्रेनमध्ये निर्वासितांचा ओघ हल्ला होण्याआधी नव्हता, तो हल्ल्यामुळे सुरू झाला. सुमारे ६० लाख माणसं देशाबाहेर गेली. आणि जमीन जोडून घेतली गेली.

विदुरांकडे पुन्हा बघा. ते हस्तिनापूरचंच अन्न खात होते. धृतराष्ट्राचे भाऊ होते, मंत्री होते. सभा सोडून पांडवांच्या गोटात गेले नाहीत. विकर्ण तर पुढे कौरवांच्याच बाजूने लढला आणि मेला. दोघांनीही बाजू सोडली नाही, पण जे दिसलं ते बोलून दाखवलं. कृतज्ञता तोंड बंद करत नाही. उलट, ज्याचं अन्न खाल्लं त्याचं हित बघणारा माणूसच त्याला 'हे करू नकोस' म्हणू शकतो.

बोलून काय होतं?

आमच्या टीमबरोबर काम करणारा एक टेस्टर खारकीव्हचा होता. युद्धाच्या पहिल्या महिन्यात तो आईला घेऊन पश्चिमेकडच्या ल्विव्ह शहरात गेला आणि तिथून लॉगिन करू लागला. एकदा कॉल संपल्यावर त्याने मला विचारलं, "तुमच्याकडच्या लोकांना हे चूक वाटतं का?" त्याने मदत मागितली नाही, शस्त्रं मागितली नाहीत, माझ्या सरकारला शिव्याही दिल्या नाहीत. मी म्हणालो, "हो, हे चूक आहे. माझ्या देशाने मत का दिलं नाही याची कारणं मी तुला सांगू शकतो. पण त्यातलं एकही कारण, हे बरोबर आहे असं म्हणत नाही." तो एवढंच म्हणाला, "बरं झालं सांगितलंस." मग आम्ही पुढच्या तिकिटाकडे वळलो.

ज्याच्यावर अन्याय होतो त्याला आधी हे हवं असतं की ज्याला दिसतंय त्याने 'दिसतंय' म्हणावं.

आपल्या देशानेही अगदीच मौन पाळलं असं नाही. हे सांगितलं नाही तर मीच अर्धसत्य बोललो असं होईल. एप्रिल २०२२ मध्ये बुचातल्या हत्यांचा भारताने संयुक्त राष्ट्रांत निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीला पाठिंबा दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला पंतप्रधानांनी पुतिन यांना समोरासमोर सांगितलं की हा काळ युद्धाचा नाही. आणि १६ मार्च २०२२ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी रशियाला लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या १३ मध्ये भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारी होते. न्यायाधीश देशाचा प्रतिनिधी म्हणून मत देत नाही, स्वतःच्या बुद्धीने देतो. सरकार तटस्थ असताना एका भारतीयाने आसनावर बसून दिसलं ते सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात.

बोलण्याची खरी किंमत मात्र रशियातल्याच माणसांनी मोजली. मार्च २०२२ मध्ये मॉस्कोतल्या एका स्थानिक परिषदेची बैठक होती. अलेक्सेई गोरिनोव हे तिथले नगरसेवक. विषयपत्रिकेवर मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा मुद्दा होता. ते म्हणाले की युक्रेनमध्ये मुलं मरत असताना आपण इथे स्पर्धा कसल्या घेतोय. एवढ्यासाठी त्यांना जुलैमध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. सभा, एक प्रश्न, आणि एकटा उभा राहिलेला माणूस. विकर्ण अजून जन्माला येतात.

आणि न बोलण्याचं काय होतं? २४ फेब्रुवारी २०२५ ला, तीन वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, आमसभेत युक्रेनच्या अखंडतेचा ठराव पुन्हा आला. या वेळी बाजूने फक्त ९३ देश. विरोधात १८, आणि त्यात अमेरिकाही. तटस्थ ६५, त्यात आपण. तीन वर्षांत कृत्य बदललं नव्हतं. सभा दमली होती. मौन असंच पसरतं. विदुरांची गोष्ट ऐकून झाल्यावरही त्या सभेतला एकही राजा बोलला नाही. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्या सभेत गप्प बसलेल्या बहुतेकांना कुरुक्षेत्रावर उतरावं लागलंच.

आपला वाटा

आपण कोणी परराष्ट्रमंत्री नाही. मतदानाचं बटण आपल्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याच्या अडचणी आपल्याला पूर्ण दिसत नाहीत. म्हणून सरकारने कसं मत द्यायला हवं होतं, यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. पण ग्रुपवर, जेवणाच्या टेबलावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोणी विचारलं की 'हे बरोबर आहे का?', तेव्हा ती आपली सभा असते. तिथे 'मामला गुंतागुंतीचा आहे' एवढंच म्हणून उठणं म्हणजे भीष्मांचं उत्तर. धर्म सूक्ष्म आहे हे खरंच. पण शेजाऱ्याच्या घरात रणगाडे घालणं त्या सूक्ष्मात बसत नाही.

निंदा करायची म्हणजे द्वेष करायचा असं मात्र नाही. निंदा कृत्याची आहे. रशियन भाषेची, रशियन माणसांची, तिथल्या तुरुंगातल्या गोरिनोवांची नाही. विदुरांच्या बोलण्यात दुर्योधनाबद्दल विष नाही, कळकळ आहे. त्याचं कुळ बुडताना त्यांना दिसत होतं.

या आठवड्याचा अभ्यास असा. ज्या चुकीबद्दल तुम्ही गप्प आहात अशी एक गोष्ट निवडा. जगातली, ऑफिसमधली, घरातली, कुठलीही. मग स्वतःला विचारा, माझ्या मौनामागे इच्छा आहे, राग आहे की भीती? कारण सापडलं की ते कारण आणि ती चूक, दोन वेगळ्या ओळींत वहीत लिहा. कारण खरं असेल तर कृतीबाबत सबुरी धरा. पण दुसरी ओळ खोडू नका, आणि कोणी विचारलं तर ती वाचून दाखवा.

उद्याचं वाचन: सभापर्वातच पुढे, द्रौपदी धृतराष्ट्राकडे काय मागते आणि काय मागत नाही.

श्रीकृष्णार्पणमस्तु.